आधी आपले घर मोजून पाहा

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आठ दिवसांपूर्वी मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण पावसाआधी एका घराचे छप्पर पुरे करायचे होते आणि कौले चढेपर्यंत माझे मन दुसरीकडे लागत नव्हते. पुढच्या वर्षी बारावी झाल्यावर आर्किटेक्ट व्हावे असे तुझ्या मनात आहे. त्यासाठी चित्रकला चांगली असणे पुरेसे आहे का, या व्यवसायात पोट भरते का, आणि मुलीला साइटवर निभावता येते का, असे तीन प्रश्न तू विचारले आहेस. तिन्हींची उत्तरे देते, पण त्याआधी तुझ्याकडून एक काम हवे आहे आणि ते कोणताही अर्ज भरण्यापूर्वी व्हावे असे मला मनापासून वाटते. एक पाच मीटरचा टेप आण आणि तुमचे गावातले घर मोज.

पडवीपासून सुरुवात कर. पडवीच्या वळचणीची जमिनीपासूनची उंची घे. ती इतकी कमी निघेल की उंच माणसाला आत येताना मान लववावी लागत असणार. मग ओटीवर ये, माजघरात जा, आणि आढ्याची उंची काठी बांधून का होईना, पण मोज. छप्पर बाहेरच्या बाजूला एवढे खाली का उतरवले असेल, हा प्रश्न स्वतःला विचार आणि उत्तर जुलै महिन्यात, नैऋत्येकडून झड येत असताना, त्याच पडवीत उभी राहून शोध. भिंतीचा चिरा पाणी शोषतो. त्यावर पाऊस थेट बसू नये आणि पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्यात म्हणून ते छप्पर तसे आहे. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो दक्षिणेला कललेला असतो आणि ऊन तिरपे आत शिरते. डिसेंबरातल्या एखाद्या दुपारी बारा वाजता ते ऊन ओटीवर कुठवर पोहोचते, तिथे खडूने रेघ ओढ. ज्यांनी ते घर बांधले त्यांनी यातले काहीही कागदावर काढले नव्हते, पण मापे त्यांना ठाऊक होती, आणि तू जे पाच वर्षे शिकायला निघाली आहेस त्यातला मोठा भाग म्हणजे मापांमागची अशी कारणे ओळखणे हाच आहे.

आता चित्रकलेविषयी. हात चांगला असणे उपयोगाचे आहे, त्याविषयी शंका नको. मनातली गोष्ट समोरच्याला दोन मिनिटांत कागदावर दाखवता येणे ही मोठी सोय आहे. परंतु आर्किटेक्टची रेषा चित्रकाराच्या रेषेसारखी नसते. चित्रकाराची रेषा कागदावर पूर्ण होते. आपली रेषा दुसऱ्या कोणाला तरी दगडात, विटेत किंवा काँक्रीटमध्ये उभी करायची असते, आणि तिथे चूक असेल तर ती त्या माणसाच्या हाताखाली उघडी पडते. माझ्या स्वतंत्र कामाच्या दुसऱ्याच वर्षी मी एका दुमजली घराचा जिना काढला होता. वरून पाहिलेला नकाशा नेटका होता, पायरीची उंची १५० मिलिमीटर, रुंदी ३०० मिलिमीटर, म्हणजे उंचीची दुप्पट अधिक रुंदी मिळून ६०० ते ६४० मिलिमीटरच्या आत बसावे हा नेमही पाळलेला. मात्र त्या जागेतून उभा छेद, म्हणजे घर वरपासून खालपर्यंत कापल्यावर दिसेल तसे चित्र, मी घेतला नव्हता. स्लॅब ओतण्यासाठी सेंटरिंगच्या फळ्या लागल्यावर मिस्त्री दोरी घेऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, इथून चढणाऱ्याचं डोकं तुळईला लागेल." जेमतेम पावणेसहा फूट मोकळी उंची उरत होती. स्लॅब पडण्यापूर्वी त्यांनी ते पाहिले म्हणून दोन दिवसांच्या खोळंब्यावर निभावले. ते गप्प राहिले असते तर त्या घरातली माणसे आजही तिथे मान वाकवून चढली असती. तेव्हापासून जिना असो वा संडास, छेद काढल्याशिवाय मी कोणताही नकाशा कार्यालयाबाहेर जाऊ देत नाही. म्हणून तुला सांगते, चित्रे काढत राहा, पण वस्तू मधोमध कापली तर आत काय दिसेल हे काढण्याची सवय आतापासून लाव: माठ काप, कुकर काप, एसटीची गाडी काप, तुमची विहीर काप.

मापाइतकाच महत्त्वाचा विषय म्हणजे भार. हे मला वर्गात नीटसे समजले नव्हते. मी तिसऱ्या वर्षाला असताना, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. गणपतीचे विसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपली होती. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास जमीन हलली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे ८,००० माणसे गेली. काही आठवड्यांनी पडझडीची नोंद घेण्यासाठी आम्ही काही विद्यार्थी तिकडे गेलो. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, जगाच्या मानाने हा काही फार मोठा भूकंप नव्हे. माणसे मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, बाहेरून आणि आतून दगडांचा एकेक थर, मध्ये चिखल आणि खडीची भर, आणि दोन्ही थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड मात्र कुठेच नाही. त्यावर उन्हाळ्यात गारवा देणारे, वर्षानुवर्षे माती चढत जाऊन जड झालेले माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. हादरा बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि ते सगळे ओझे झोपलेल्यांवर आले. काही ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा तसाच उभा होता आणि भिंती तेवढ्या ढासळल्या होत्या. ते पाहिल्यावर जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा माझा समज गेला तो कायमचा. ठरावीक अंतराने एक आरपार दगड आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना कमरपट्ट्यासारखा बांधणारा एक पट्टा, एवढ्याने कितीतरी जीव वाचले असते.

पुढे तिथे नवी गावे वसली, रुंद सरळ रस्त्यांची, एका मापाच्या घरांची. घरे भक्कम होती, पण जनावरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, दुपारी बायकांनी कुठे बसायचे, याची उत्तरे त्या आखणीत अनेक ठिकाणी नव्हती आणि लोकांनी मग ती पत्रे आणि बांबू लावून स्वतःच शोधली. सुरक्षित घर आणि राहण्याजोगे घर या दोन्हींची जबाबदारी एकाच माणसावर येते, आणि म्हणूनच हा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे.

प्रवेशाचे थोडक्यात सांगते, कारण नियम दरवर्षी थोडेफार बदलतात आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका तू स्वतः वाचणे हेच योग्य. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस. बी.आर्क. या वास्तुकलेच्या पदवीसाठी नाटा ही अभियोग्यता परीक्षा द्यावी लागते. एनआयटी किंवा दिल्ली, भोपाळ, विजयवाडा येथील नियोजन व वास्तुकला विद्यालये हवी असतील तर जेईई मेनचा दुसरा पेपर. महाविद्यालय निवडताना इमारत आणि जाहिरात पाहू नकोस. ते कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरने मान्य केलेले आहे का, हे आधी तपास. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार या कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. मात्र हा कायदा उपाधीचे रक्षण करतो, कामाचे नाही. घराचे नकाशे इतरांनी काढू नयेत असे तो म्हणत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये त्याचा अर्थ तसाच लावला. तेव्हा आपल्या तालुक्याच्या गावी तुझ्यासमोर नेहमीच कमी पैशांत नकाशा काढून देणारा दुसरा कोणीतरी असेल. आपण काय अधिक देतो, हे तुला गिऱ्हाइकाला कामातून दाखवावे लागेल.

मुंबईचे सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालय तुझ्या मनात आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. मूळची कलाशाळा १८५७ ची. तिथे शिकलेल्यांत आचऱ्याचे अच्युत कानविंदे आहेत, ज्यांनी पुढे कानपूरच्या आयआयटीचा परिसर उभा केला, आणि पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशीही आहेत, ज्यांना २०१८ मध्ये वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. तिथे प्रवेश मिळाला तर आनंदच आहे, नाही मिळाला तर त्यासाठी वर्ष घालवू नकोस. चांगले शिक्षक आणि चालत्या साइटा ज्या गावात आहेत ते गाव चांगले.

सुट्टीत मुंबईला मामाकडे जाशील तेव्हा एक दिवस बेलापूरला उतर आणि आर्टिस्ट व्हिलेज पाहून ये. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली ही बैठी वसाहत आहे. सात-सात घरे एका छोट्या, साधारण आठ मीटर चौरस अंगणाभोवती मांडलेली, आणि प्रत्येक घराच्या भिंती शेजाऱ्यापासून सुट्या, म्हणजे ज्याला जसे पैसे मिळतील तसे त्याने आपले घर वाढवावे. आज तिथली कित्येक मूळ घरे पाडून लोकांनी तीन-तीन मजले चढवले आहेत. मूळ डौल गेला म्हणून अनेकांना हळहळ वाटते, मला मात्र तिथे गेल्यावर अंगणे अजून वापरात आहेत याचेच समाधान अधिक वाटते. घरे बदलली, पण घरांमधली मोकळी जागा टिकली. दोशींनी इंदूरजवळच्या अरण्य वसाहतीत याच दिशेने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथल्या गरीब कुटुंबांना जोते, पाणी आणि संडास एवढे देऊन बाकीचे घर त्यांच्या त्यांच्या ऐपतीने बांधू दिले. पुस्तकातली छायाचित्रे बघून यातले काही समजत नाही. वहीत अंगणाचा नकाशा काढ आणि संध्याकाळी सहा वाजता कोण कुठे बसले आहे त्याच्या खुणा कर.

पैशांविषयी स्पष्ट सांगते. पहिली पाच-सहा वर्षे हात आखडताच राहतो. तुझ्याबरोबरची अभियांत्रिकीला गेलेली मुले लवकर कमावू लागतील आणि त्या वेळी तुला घरात दोन शब्द ऐकावे लागतील. अभ्यासक्रमातले एक सत्र कार्यालयात प्रत्यक्ष काम करण्याचे असते. त्या वेळी आणि त्यानंतरही फुकट काम करू नकोस, कितीही मोठ्या नावाचे कार्यालय असले तरी. स्वतःचे काम सुरू केलेस की मोबदला आणि त्याचे टप्पे लेखी ठरव: आराखड्याला किती, परवानगीच्या नकाशांना किती, जोत्यापर्यंत किती. मी सुरुवातीला नात्यातल्या कामांत हे तोंडी ठेवले आणि पैसे तर बुडालेच, दोन घरांशी बोलणेही कायमचे तुटले. सामासिक अंतरे, चटईक्षेत्र निर्देशांक, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र हे शब्द तुला आज रुक्ष वाटतील. पण ज्या कुटुंबाने आयुष्याची बचत घरात घातली आहे त्याचे घर कागदावर बेकायदा ठरू नये, हे पाहणे सुंदर खिडकी काढण्याइतकेच तुझे काम आहे.

आणि साइट. मी सुरुवात केली तेव्हा मला पाहून गवंडी आधी "साहेब कधी येणार?" असे विचारत. त्यावर मी कधी वाद घातला नाही. ओळंबा मागून घेतला, भिंत तपासली, जिथे अर्धा इंच बाहेर होती तिथे खूण केली आणि दुरुस्त होईपर्यंत तिथेच थांबले. तिसऱ्या-चौथ्या भेटीला ते विचारणे आपोआप थांबले. त्रास झालाच नाही असे मी म्हणणार नाही. दिवसभर साइटवर राहायचे तर स्वच्छतागृह नाही, ही अडचण आजही अनेक ठिकाणी आहे. माझ्या प्रत्येक कामावर आता पाया खोदण्याआधी मजूर बायकांसाठी आडोसा आणि पाणी यांची सोय मी करारातच लिहून घेते. तूही घेशील. बूट घाल, शिडीला भिऊ नकोस, आणि ज्याच्या हाताला काम येते त्याला अहो-जाहो करून विचारायला कमीपणा मानू नकोस. काँक्रीटला पाणी किती घालायचे आणि किती दिवस मारायचे यावर माझे शिक्षण निम्मे वर्गात झाले आणि निम्मे मिस्त्रींच्या शेजारी.

गणपतीत मी गावी येणार आहे. तोवर घराचा नकाशा आणि पडवीपासून न्हाणीघरापर्यंतचा एक छेद, दोन्ही एकास पन्नास या प्रमाणात, पेन्सिलीने काढून ठेव. संगणकावर नको, आत्ता हातानेच. भिंतींची जाडी दाखवायला विसरू नकोस आणि आढ्याचे माप अंदाजाने घालू नकोस. आरती झाली की आपण दोघी तो कागद घेऊन ओटीवर बसू आणि टेप लावून एकेक माप पडताळून पाहू.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी