घरच्या कुंडीतला गवती चहा, पुदिना आणि तुळस घालून आइस टी कसा करावा? माझा नेहमी कडू आणि गढूळ होतो.

तुमच्या प्रश्नाखालच्या तपशिलातच अर्धं उत्तर आहे. 'आधणातच चहापूड, गवती चहा, पुदिना, तुळस सगळं घालून पाच-सात मिनिटं चांगलं उकळते, गाळून फ्रीजमध्ये ठेवते आणि दुपारी बर्फ घालून देते' असं तुम्ही लिहिलंय. कडूपणा त्या उकळण्यातून येतोय आणि गढूळपणा फ्रीजमधून. कुंडीतल्या झाडांचा यात काहीच दोष नाही.

आपला सगळ्यांचा हात दुधाच्या चहाला बसलेला असतो. आधण ठेवायचं, आलं ठेचून टाकायचं, गवती चहाची पात मुरडून टाकायची, साखर, पूड, एक उकळी, मग दूध, पुन्हा उकळी. त्या चहाला हे सगळं चालतं, कारण दुधातली प्रथिनं चहातल्या टॅनिनला धरून ठेवतात आणि तुरटपणा जिभेला फारसा जाणवत नाही. दूध काढून घेतलं की तोच चहा उघडा पडतो. पूड दोन मिनिटं जास्त उकळली तरी घशाला कोरड पडल्यासारखं होतं. मग आपण साखर वाढवतो, लिंबू वाढवतो आणि शेवटी हाती लागतं ते तपकिरी रंगाचं लिंबू सरबत.

पुडीचंही बघा. आपल्या डब्यात असते ती बहुतेक सीटीसी, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेल्या बारीक गोळ्या. १९३०च्या आसपास आसामात ही पद्धत निघाली. तिचं कामच मुळी झटपट आणि कडक उतरण्याचं. दुधासाठी उत्तम, थंड चहासाठी जरा दांडगी. शक्य असेल तर पानाचा चहा आणा, त्यातही निलगिरीचा मिळाला तर बघा. तो गार केल्यावरही बराच नितळ राहतो, त्यामुळे थंड चहासाठी त्याला खास मागणी असते. दार्जिलिंग आणू नका. चांगला चहा आहे, पण गवती चहापुढे त्याचा नाजूक वास कुठल्या कुठे जाईल आणि पैसे वाया. मुद्दाम बाजारात जायचं नसेल तर घरातली सीटीसीही चालते, फक्त निम्मी घ्या आणि दोन मिनिटांत गाळा.

आता गढूळपणा. त्यात चहा बिघडलेला नसतो. चहाला रंग आणि चव देणारी द्रव्यं आणि कॅफीन गरम पाण्यात सुटी असतात, पाणी गार होत गेलं की ती एकमेकांना चिकटतात आणि चहा दुधाळ दिसायला लागतो. चहा जितका कडक, तितका हा प्रकार जास्त. खात्री करायची असेल तर त्या गढूळ चहात थोडं उकळतं पाणी ओतून बघा, पुन्हा निवळेल. म्हणून कडक चहा तसाच फ्रीजमध्ये गार करायला ठेवायचा नाही. केल्या केल्या बर्फावर ओतायचा, म्हणजे एका दमात गारही होतो आणि पातळही.

तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तेही एक कारण असू शकतं. क्षारांच्या जड पाण्यात चहाचा रंग मळकट येतो आणि वर तवंग धरतो. आमच्या सोलापुरात बोअरच्या पाण्याचा चहा ज्याने प्यायलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. पिण्याचं, फिल्टरचं पाणी घ्या. बर्फही त्याच पाण्याचा लावा, कारण ग्लासातलं निम्मं पाणी बर्फातूनच येणार असतं.

चार मोठ्या ग्लासांसाठी मी असं करते. अर्धा लिटर पाणी, गवती चहाच्या सात-आठ लांब पाती, पानाचा चहा चार लहान चमचे (सीटीसी असेल तर दोन), तुळशीची सहा-सात पानं, पुदिन्याची एक मूठ पानं, आल्याच्या तीन-चार पातळ चकत्या, एक मोठं लिंबू, साखरेचा पाक आणि बर्फाचे दोन भरलेले ट्रे.

गवती चहाची पात हाताने ओढून तोडू नका. तिची कड बारीक करवतीसारखी असते, बोट बुडाकडून टोकाकडे फिरवलं तर काही नाही, उलटं फिरवलं की चर्रकन कापतं. बुडापासून चार बोटं वर कात्रीने कापा. धुऊन कात्रीनेच इंच-इंच तुकडे थेट पातेल्यात पाडा. प्रत्येक कापाला लिंबासारखा जो वास सुटतो तो सिट्रल नावाच्या द्रव्याचा, आणि तो पानाच्या पेशींत असल्यामुळे पान जितकं कापलं जाईल तितका पाण्यात उतरतो. ही पात चिवट असते, त्यामुळे ही एकटीच खऱ्या अर्थाने उकळायची. थंड पाण्यात, आलं आणि पाती एकत्र घालून, वर झाकण ठेवून पाच मिनिटं मंद आचेवर. झाकण विसरू नका, नाहीतर स्वयंपाकघर घमघमेल आणि चहा कोराच राहील. तुमच्या कुंडीतल्या ठोंबाला बुडाशी जाड पांढरा दांडा आला असेल तर तोही ठेचून घाला, पातीपेक्षा त्याची चव जास्त गोल लागते.

गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मगच चहा आणि तुळस घाला. झाकून चार मिनिटं. घड्याळ लावा, 'होईल अंदाजे' असं म्हणू नका, या एकाच ठिकाणी अंदाज नडतो. मग गाळा. गाळताना चोथा चमच्याने दाबायची आपल्याला खोड असते. थंड चहात ती सोडा, शेवटचे ते दोन घोट सगळ्यात कडू असतात.

पुदिन्याला आच दाखवायचीच नाही. उकळला की त्याचा हिरवा रंग जाऊन तो शेवाळी होतो आणि चवीला पालेभाजीच्या पाण्याकडे झुकतो. पानं तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने एक टाळी द्यायची, बस. चुरगळायची नाहीत. ती जगच्या तळाशी, त्यावर सगळा बर्फ, आणि वरून गाळलेला गरम चहा. बर्फ कडकड वाजतो, अर्ध्याच्या वर तिथल्या तिथे विरघळतो आणि चहा पिण्याइतका पातळ होतो. काचेचा जग असेल तर गरम धार काचेवर नको, बर्फावर सोडा, तडकायची भीती असते. मी स्टीलच्याच भांड्यात करते आणि नंतर जगात ओतते.

लिंबू जगात पिळू नका, ज्याच्या त्याच्या ग्लासात पिळा. एक म्हणजे पुदिना आंबटात लवकर काळवंडतो. दुसरं, पिळून ठेवलेलं लिंबू तासाभरात कडवट व्हायला लागतं. आणि तिसरं, समोर पिळण्यात गंमत आहे: चहाचा रंग आम्लात फिका होतो, त्यामुळे गडद तांबूस चहा डोळ्यांदेखत सोनेरी होतो. घरात लहान मुलं असतील तर हे काम त्यांनाच द्या.

साखर बर्फाच्या चहात विरघळत नाही, तळाशी बसते आणि शेवटचा घोट नुसता गोड लागतो. म्हणून समान साखर आणि पाणी गरम करून पाक करून ठेवा, तार यायची गरज नाही, साखर विरघळली की झालं. बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहतो. काकवी किंवा गुळाचा पाकही चालतो, पण गुळाची स्वतःची चव तुळशीवर बसते. तुळस नसून नुसता गवती चहा आणि आलं असेल तर मात्र गूळ फार छान लागतो. चिमूटभर साधं मीठ घाला हवं तर. काळं मीठ आणि जिरेपूड घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण मग चहा कशाला घालायचा?

तुळशीबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण प्रश्नात तुम्ही 'मूठभर' असं लिहिलंय. मूठभर फार झाली. तुळशीत युजेनॉल असतं, लवंगेत असतं तेच, म्हणून पानं जास्त झाली की थंड चहाला काढ्याचा वास येतो आणि पाहुणे विचारतात, कुणाला सर्दी झालीय का. सहा-सात पानं पुरेत. आमच्याकडे वृंदावनातल्या तुळशीला चहासाठी हात लावत नाहीत. सासूबाई रविवारी, द्वादशीला आणि दिवेलागणीनंतर तुळस तोडू देत नाहीत, म्हणून चहापाण्यासाठी गॅलरीत वेगळी कुंडी आहे. तिच्या मंजिऱ्या दिसल्या की खुडायच्या, म्हणजे झाड बी धरण्याऐवजी पानं देतं. पुदिन्याचंही तसंच, शेंडे खुडत राहा.

चहा उकळायचाच नसेल तर रात्रीची सोपी रीत आहे. एक लिटर गार फिल्टरच्या पाण्यात पानाचा चहा पाच लहान चमचे, झाकण लावून फ्रीजमध्ये आठ तास, सकाळी गाळायचा. गार पाण्यात टॅनिन आणि कॅफीन दोन्ही कमी उतरतात, त्यामुळे हा चहा मऊ लागतो आणि गढूळ होत नाही. मात्र गवती चहा गार पाण्याला दाद देत नाही. त्याचं पाणी वेगळं उकळून, गार करून मिसळा. कच्ची पानं घालणार असाल तर दोन-तीन पाण्यांत नीट धुवा, कारण इथे उकळी नाही. बरणी उन्हात ठेवून चहा करायचा प्रकार काही व्हिडिओंमध्ये दिसतो, तो करू नका. उन्हात पाणी नुसतं कोमट होतं, आणि कोमट पाण्यात तासन्‌तास ठेवलेल्या पाल्यात जंतू वाढायला पोषक वातावरण मिळतं.

जाता जाता, थंड चहाचं श्रेय कुणी रिचर्ड ब्लेकिंडेन यांना देतात. ते १९०४च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचा प्रचार करत होते, उन्हाळ्यात गरम चहाला गिऱ्हाईक येईना म्हणून त्यांनी तो बर्फावर ओतला, अशी ती गोष्ट. पण अमेरिकेत व्हर्जिनियातल्या १८७९च्या एका पाककृतींच्या पुस्तकात बर्फाच्या चहाची कृती आधीच छापलेली आहे, तेव्हा शोध त्यांचा नव्हे. त्या प्रदर्शनाने तो गाजवला एवढं खरं. आज अमेरिकेत प्यायला जाणारा बहुतेक चहा थंडच असतो, आणि आपण मात्र मे महिन्यातही वाफाळता कप घेऊन पंख्याखाली बसतो.

मुलांना द्यायचा असेल तर चहापूड वगळा. नुसत्या गवती चहाच्या पाण्यात कॅफीन नसतं, त्यात पुदिना, लिंबू, पाक आणि पंधरा मिनिटं भिजवून फुगलेला चमचाभर सब्जा. दारात गोकर्णाची निळी वेल असेल तर दहा-बारा ताजी फुलं, खालचा हिरवा देठ काढून, गरम पाण्यात टाका. निळंशार पाणी होतं आणि लिंबाचा थेंब पडला की जांभळं. चव जवळजवळ नाही, पण मुलं तेवढ्यासाठी दोन ग्लास पितात. पानओवाही बरेच जण सुचवतील. घालायचाच तर चौघांत एक पान, त्याच्यावर नाही, तो बाकी सगळ्यांना गप्प करतो.

मोठ्यांनीही हा चहा जेवणाबरोबर घेऊ नये, विशेषतः रक्त कमी असलेल्यांनी. टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. जेवणानंतर तासाभराने, दुपारी चारला घ्या.

कुंड्यांचं म्हणाल तर नर्सरीतून नुकतं आणलेलं रोप लगेच चहात घालू नका, त्यावर फवारणी झालेली असू शकते. जुनी पानं काढून टाका आणि नवी फूट आली की वापरा. गवती चहाला ऊन चालतं, पाणी मात्र रोज हवं. पुदिना एप्रिल-मेच्या दुपारी उघड्यावर टिकत नाही, त्याची पसरट कुंडी गवती चहाच्या सावलीत सरकवा. विकतच्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या तरी काही दिवसांत मुळं फुटतात, वेगळं रोप विकत आणायची गरज नाही.

केलेला चहा त्याच दिवशी संपवा. उरलाच तर, लिंबू पिळलेलं नसेल अशा बेताने, बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. दुसऱ्या दिवशी ग्लासात पाण्याच्या बर्फाऐवजी हे खडे टाकले की चहा शेवटपर्यंत पाणचट होत नाही.