वीजवाहिनीजवळच्या पाइपलाइनला थेट अर्थिंग द्यावे का?

करजणजवळ 220 केव्ही वाहिनीला समांतर जाणाऱ्या आपल्या पोलादी पाइपलाइनच्या टेस्ट पोस्टवर (पाइपाचा दाब मोजण्यासाठी तारा वर आणलेल्या खांबावर) 10 व्होल्ट एसी दाब दिसतो. तो 15 च्या आत असल्याने सोडून द्यावा, की पाइप सरळ अर्थिंगला जोडावा, असे आपण विचारले आहे. मी बडोद्यात कॅथोडिक संरक्षणाचेच, म्हणजे पाइपाला डीसी प्रवाह देऊन गंज रोखण्याचे, काम करतो. माझ्या मते यांपैकी काहीही करू नये.

15 व्होल्टची मर्यादा माणसाच्या स्पर्शासाठी आहे. पाइपाचा गंज ठरतो तो लेपाच्या छिद्रातून जमिनीत उतरणाऱ्या प्रवाहाच्या घनतेवर, आणि आपल्याकडची काळी माती ओली झाली की हा प्रवाह सहज वाहू देते. मातीची रोधकता 10 ओहम-मीटर धरली, तर 1 चौरस सेंटिमीटरच्या छिद्रातून 10 व्होल्टला सुमारे 225 अँपिअर प्रति चौरस मीटर एवढी घनता येते. ती 30 च्या खाली असल्यास सहसा चिंता नसते, 100 च्या वर मात्र गंज लागणार असेच धरून चालावे. छिद्र जितके लहान तितकी घनता जास्त, त्यामुळे उत्तम थ्रीएलपीई (तीन थरांच्या पॉलिइथिलीन) लेपाच्या नव्या पाइपांनाही हा धोका असतो. म्हणून आधी पाइपाशेजारी तेवढ्याच, म्हणजे 1 चौरस सेंटिमीटर, क्षेत्रफळाचे कूपन (पोलादाचा उघडा नमुना तुकडा) पुरून, ते पाइपाला जोडून, त्यातला प्रवाह मोजावा.

तांब्याचे अर्थिंग थेट जोडले तर एसी दाब उतरेल, पण कॅथोडिक संरक्षणाचा डीसी प्रवाहही त्याच वाटेने निघून जाईल आणि पाइपाचे पोटेन्शियल (जमिनीच्या तुलनेतला डीसी दाब) संरक्षणासाठी लागणारी उणे 850 मिलिव्होल्टची पातळी गाठणार नाही. यासाठी पाइपालगत जस्ताची पट्टी पुरून ती डीकपलरमार्फत जोडतात. डीकपलर एसीला वाट देतो आणि डीसी अडवतो. हे जोड सरसकट समान अंतरावर देण्यात अर्थ नाही. समांतर पट्टा जिथे सुरू होतो व संपतो, पाइप जिथे वाहिनीपासून वळतो, जिथे वाहिनीच्या फेज तारांची आपसातली जागा बदलते आणि जिथे इन्सुलेटिंग जॉइंट (पाइपाचे दोन भाग विजेच्या दृष्टीने वेगळे करणारा जोड) आहे, तिथे दाबाची शिखरे येतात. जोड तिथेच हवेत. व्हॉल्व्हपाशी कर्मचारी उभे राहतात, तिथे जमिनीखाली ग्रेडियंट कंट्रोल मॅट (पाइपाला जोडलेली धातूची जाळी, जिच्यामुळे पायाखालची जमीन आणि पाइप यांच्या दाबातला फरक कमी राहतो) अवश्य घालावी, कारण वाहिनीत फॉल्ट झाला तर तिथला दाब क्षणार्धात कितीतरी पट चढतो.

प्रवर्तित दाब, म्हणजे वाहिनीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पाइपात निर्माण होणारा एसी दाब, वाहिनीतल्या प्रवाहाबरोबर कमी-जास्त होतो, त्यामुळे दुपारी एकदा मीटर लावून घेतलेल्या नोंदीवर विसंबू नये. लॉगर (आपोआप नोंदी घेणारे यंत्र) किमान 24 तास ठेवावा आणि पारेषण कंपनीकडून कमाल भाराचे व फॉल्ट प्रवाहाचे आकडे लेखी मागवून मगच डीकपलरची क्षमता ठरवावी.