खांदे बार्बीसारखे असायलाच हवेत का?

"मॅडम, ट्रॅपटॉक्स केलं तर चालेल ना?" हा प्रश्न इतक्या मुलींनी विचारलाय की आज लिहायलाच बसले. मान आणि खांद्याच्या मधे जो स्नायू असतो त्यात बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, तो ढिला पडतो, हळूहळू बारीक होतो आणि मान लांब दिसते. २०२३ च्या बार्बी सिनेमानंतर त्याला बार्बी बोटॉक्स म्हणायला लागले, कोरियात काटकोनी खांद्यांचं वेड त्याआधीपासूनचंच. परिणाम टिकतो साधारण तीन-चार महिने, मग परत सुई.

माझ्याकडे समुपदेशनाला आलेली एक मुलगी, २६ वर्षांची, आयटीत, रिसेप्शनला ऑफशोल्डर गाऊन ठरलेला. "खांदे नाजूक दिसायलाच हवेत," म्हणाली. मी तिला ते वाक्य वहीत लिहून त्यातल्या 'च'ला गोल करायला लावला. माझं बरचसं काम या एका अक्षरापाशीच सुरू होतं. तिला ते पटलं, पण वरवर.

चौथ्या भेटीत होणाऱ्या नणंदेचा विषय निघाला. साखरपुड्याचे फोटो बघून ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "वहिनी पैलवान वाटते." हे सांगता सांगता हिचे खांदे वर वर जात पार कानाला टेकले.

"अगं, आत्ता खांदे कुठेत बघ."

तिने काचेत बघितलं, खांदे सोडले आणि बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मी दिवसभर अशीच बसते की काय?"

तो क्षण मी विसरणार नाही. ती खांद्याबद्दल बोलत होती आणि मी तीन भेटी तिचे फक्त शब्द ऐकत होते, दुखरी जागा डोळ्यासमोर होती. टोमणा उरात आणि सुई खांद्यात, कसं जमायचं ते?

तो स्नायू शोभेचा नाही गं, हात डोक्यावर न्यायला तोच लागतो. तो कमजोर झाला की हात लवकर भरून येतो, मान दुखते, एक खांदा खाली दिसू शकतो. मान वाकडी होण्याच्या आजारात डॉक्टर हेच औषध देतात, ते वेगळं. पण औषध पसरलं तर गिळायला, श्वासाला त्रास होतो, क्वचितच, तरी अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, २००९ मध्ये सगळ्यात कडक इशारा दिला तो यासाठीच. २०२५ मध्ये इंग्लंडात विनापरवाना बोटॉक्स घेतलेल्या काहींना बॉट्युलिझम, म्हणजे याच औषधातल्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, झाला.

तिने बोटॉक्सची अपॉइंटमेंट रद्द केली. तुमचं ठरलंच असेल तर पार्लरमधे नको, त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा, बाटलीवरचं लेबल बघायला मागा. आणि नंतर पापणी जड झाली, बोलताना जीभ अडखळली किंवा घास अडकला तर सकाळची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा.