एसीन पंथ आणि त्याची दिनदर्शिका

प्रश्न : येशूच्या काळात यहुद्यांमध्ये परूशी आणि सदूकी यांच्याखेरीज एसीन नावाचाही पंथ होता, असे वाचले. हा पंथ कसा निर्माण झाला, त्याच्या श्रद्धा काय होत्या आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या हस्तलिखितांशी त्याचा संबंध कसा जोडला जातो?

उत्तर : या पंथाच्या फुटीचे मूळ शोधताना तत्त्वज्ञानापेक्षा महायाजकाची गादी आणि दिनदर्शिका यांकडे आधी पाहावे, असे माझे मत आहे. जेरुसलेमच्या मंदिराचे महायाजकपद परंपरेने सादोक या प्राचीन याजकाच्या वंशाकडे असे. इ.स.पू. १५२ मध्ये ते परकीय सत्तेविरुद्ध बंड करणाऱ्या मक्काबी या यहुदी घराण्यातील योनाथानाने एका परकीय राजाकडून मिळवले. योनाथान याजककुळातला असला, तरी सादोकाच्या वंशातला नव्हता. एसीनांचा पहिला उल्लेख जोसेफस हा यहुदी इतिहासकार याच योनाथानाच्या काळाच्या संदर्भात करतो, म्हणून नाराज याजकांच्या गटातून हा पंथ उभा राहिला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील अकरा गुहांतून १९४७ पासून मिळालेल्या हस्तलिखितांत ‘एसीन’ हा शब्दच नाही, त्यामुळे काही अभ्यासकांना हा संबंध मान्य नाही. तरीही साम्य डोळ्यांत भरते. सभेत थुंकू नये, हा एसीनांचा नियम जोसेफस सांगतो. कुमरानच्या नियमग्रंथात त्याच अपराधाला तीस दिवसांची शिक्षा आहे. शिवाय थोरला प्लिनी हा रोमन लेखक एसीनांची वस्ती मृत समुद्राच्या पश्चिमेलाच सांगतो.

या हस्तलिखितांत ३६४ दिवसांचे वर्ष आढळते. त्यात बरोबर ५२ आठवडे बसत असल्यामुळे प्रत्येक सण दरवर्षी त्याच वारी येतो. मंदिरातील सण मात्र चंद्राच्या गतीनुसार ठरत. हा फरक किती खोल होता, हे याच हस्तलिखितांतील हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथावरील भाष्यात दिसते. तेथे ‘दुष्ट याजक’ (बहुधा जेरुसलेमचा महायाजक) पंथाच्या ‘धार्मिकतेच्या शिक्षका’वर त्याच्या वनवासाच्या ठिकाणी नेमका प्रायश्चित्ताच्या दिवशी चालून जातो. उपवास आणि विश्रांतीच्या त्या दिवशी, मंदिरातील विधी सोडून, कोणताही महायाजक असा प्रवास करणे शक्य नव्हते. म्हणजे पंथाच्या दिनदर्शिकेत तो प्रायश्चित्ताचा दिवस असला, तरी याजकाच्या लेखी तो साधा दिवस होता. सण चुकीच्या दिवशी होतात, असे मानणाऱ्याला मंदिरातील उपासनेत मनापासून सहभागी होता येणार नाही, हे उघड आहे.

आत्मा अमर असून सर्व काही नियतीच्या हाती आहे, असे एसीन मानत, असे जोसेफस सांगतो. कुमरानच्या नियमग्रंथात माणसे प्रकाश आणि अंधार अशा दोन आत्म्यांच्या सत्तेखाली विभागलेली दिसतात. आचार फार कडक होता. नवागताला एक वर्ष बाहेर ठेवून लहान कुदळ, कटिवस्त्र आणि पांढरा पोशाख देत. आणखी दोन वर्षांनी शपथ घेतल्यावरच तो सहभोजनाला बसे. कुदळ शौचासाठी फूटभर खड्डा खणण्याकरिता असे, आणि शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, तेही वर्ज्य होते. मालमत्ता सामाईक असे आणि बहुतेक जण ब्रह्मचारी राहत, मात्र विवाह करणारी एक शाखाही जोसेफसने नोंदवली आहे. रोमनांविरुद्धच्या युद्धात, इ.स. ६८ च्या सुमारास, कुमरानची वस्ती उद्ध्वस्त झाली.