गोळी चालू आहे, तरी सासरे दारातच का अडकतात?

प्रश्न: सासऱ्यांना बरीच वर्षं पार्किन्सन्स आहे. मेंदूत डोपामिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) कमी झालंय म्हणून गोळी चालू आहे, पण हल्ली दोन-अडीच तासांत तिचा असर उतरतो आणि बाथरूमच्या दारात तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. जिना मात्र व्यवस्थित चढतात! घरातले म्हणतात नाटक करतात. कमी पडलेलं डोपामिन बाहेरून दिलं की झालं ना, मग असं का? (एक वाचक, कराड)

उत्तर: ताई, नाटक बिटक काही नाही, हे आधी घरच्यांना ठणकावून सांगा. या आजारात माणसाची ताकद गेलेली नसते, त्याला सतत कोणीतरी आतून रोखून धरलेलं असतं.

मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा भाग आहे. त्यातल्या स्ट्रायटमच्या ९५ टक्के पेशी गाबा नावाचं रसायन वापरतात, म्हणजे त्यांचं कामच पुढच्या पेशीला गप्प करायचं. आणि या सगळ्याचं शेवटचं टोक, ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग, हा आपण नुसते बसलेलो असतानाही थॅलॅमसला, म्हणजे हालचालीचा निरोप पुढे पाठवणाऱ्या भागाला, दाबून ठेवतो, म्हणजे ब्रेक कायम लागलेलाच असतो आणि हालचाल करायची तर तो क्षणभर सुटावा लागतो. स्ट्रायटममधून दोन वाटा निघतात, एक ब्रेक सोडवणारी आणि एक घट्ट करणारी. डोपामिन पहिलीला जोर देतं, दुसरीला आवरतं. ते गेलं की दोन्हीकडून नुकसान. दुसरी वाट मोकाट सुटते, पॅलिडसच्या बाहेरच्या भागाला गप्प करते, तो भाग ज्याला दाबून ठेवायचा तो सबथॅलॅमिक न्यूक्लियस मग जोरात पेटतो आणि तो ब्रेक आणखी दाबतो. (वजा गुणिले वजा अधिक, शाळेतलं आठवा.)

हे नुसतं कागदावरचं नाही बरं का. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी भेसळीचं नकली हेरॉइन टोचून घेतलं आणि ते अक्षरशः गोठले. त्यातलं एमपीटीपी नावाचं द्रव्य डोपामिनच्या पेशी मारतं हे डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोधलं. पुढे तेच द्रव्य देऊन पार्किन्सन्ससारख्या झालेल्या माकडांमध्ये बर्गमन, विचमन आणि डिलाँग यांनी १९९० मध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियस निकामी केला, तर माकडं पुन्हा हलायला लागली! फ्रान्समध्ये ग्रेनोबलला डॉ. बेनाबिद यांनी माणसात तिथेच इलेक्ट्रोड बसवायला सुरुवात केली, आजची डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत खोलवर विजेची हलकी स्पंदनं देणारी) सर्जरी ती हीच.

आता तुमचा खरा प्रश्न. डोपामिन गेल्यावर बाकीचं सर्किट जसंच्या तसं वाट बघत बसत नाही ना! उंदरांमध्ये दिसलंय की ब्रेक घट्ट करणाऱ्या वाटेतल्या पेशींचे काटे, म्हणजे जिथे दुसऱ्या पेशींचे सांधे जुळतात ते, झडतात. पॅलिडसच्या बाहेरच्या पेशींचा स्वतःचा ठेका जातो, पण त्यांचे सबथॅलॅमिक न्यूक्लियसवरचे गाबाचे सांधे उलट वाढतात. सगळं जाळं मग सेकंदाला १३ ते ३० ठोक्यांच्या एकाच तालात अडकतं आणि त्या एकसुरात नवी हालचाल सुरू व्हायला वावच राहत नाही. मला तर हे नुसत्या डोपामिन कमी होण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण गोळी जाते ती या बदललेल्या जाळ्यात. ताल सैल होतो, माणूस चालतो, असर उतरला की परत तेच. आणि गोळीतलं औषध लेव्होडोपा (मेंदूत त्याचंच डोपामिन होतं) रक्तात जेमतेम दीड तासात निम्मं होतं, सुरुवातीला उरलेल्या पेशी ते डोपामिन साठवून पुरवून वापरायच्या, आता साठवायला पेशीच कमी.

दार आणि जिन्याचं असं, की आपण विचार न करता चालतो ते याच सर्किटच्या जोरावर, तर जिन्यात प्रत्येक पायरी डोळ्यांना पुढचं पाऊल दाखवते आणि मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो. म्हणून बाथरूमच्या दारापाशी जमिनीवर एकेका पावलाच्या अंतराने आडव्या रंगीत चिकटपट्ट्या लावून बघा. अडकले तर हाताला धरून ओढू नका, पडतील. थांबू द्या, वजन एका पायावर घेऊ द्या, मग "एक, दोन, चला". अडकणं गोळीच्या असरात होतं की असर उतरल्यावर, हे वेळेसकट लिहून न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

जेवणातल्या प्रोटीनमुळे गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी, पण वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला आणि गोळी एकदम बंद तर कधीच करू नका. आणि हो, कोणी खाजकुहिलीचं चूर्ण सुचवलं असेल तर त्यातही लेव्होडोपाच असते, म्हणजे न सांगता डोस वाढवल्यासारखंच, तेव्हा घेत असतील तर डॉक्टरांना सांगा.