ओएलईडी टीव्हीवर बातम्यांची पट्टी कायमची उमटली आहे. ती जाते का? नवा टीव्ही कोणता घ्यावा?

नाही, जात नाही. घाई असेल तर एवढं उत्तर पुरे. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की "वडील दिवसभर बातम्या लावून बसतात, त्यामुळे टीव्ही खराब झाला". मी लिहायला बसले ती या वाक्यामुळे.

आमच्याकडे नाशिकरोडला हेच झालं. माझे सासरे, अण्णा, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. सकाळचा चहा झाला की बातम्या, दुपारी जेवताना बातम्या, संध्याकाळी देवाला दिवा लावला की परत बातम्या. निफाडकडे भावकीत थोडी शेती आहे, त्यामुळे लासलगावला कांदा काय भावाने गेला, गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं, हे त्यांना लागतंच. चॅनेल एकच, ते बदलत नाहीत. आमचे धाकटे दीर पुण्याला असतात. भाऊजींनी हौसेने मोठा ओएलईडी आणून हॉलमध्ये बसवला. पिक्चर मोड 'विविड' त्यांनीच केला, ब्राइटनेस शेवटपर्यंत त्यांनीच नेला, आणि निघताना सासूबाईंना बजावून गेले, "आई, रात्री झोपताना बोर्डावरून बटण बंद करत जा, लाइट बिल वाचेल." सासूबाईंनी ते न चुकता पाळलं.

पुढे एकदा मुलांनी कार्टून लावलं आणि पिवळ्या पडद्यावर खाली आडवा मळकट पट्टा दिसला, वर कोपऱ्यात चॅनेलचा लोगो. दिवाळीला सगळे जमले होते तेव्हा भाऊजी अण्णांच्या तोंडावर म्हणाले, "एवढा महागाचा टीव्ही, दिवसभर तेच तेच लावून जाळून टाकला." अण्णा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हॉलमधला टीव्ही लावणं सोडलं. आतल्या खोलीत मोबाइल डोळ्यांजवळ धरून बातम्या बघायचे. विचारलं तर म्हणायचे, "टीव्हीने डोळे दुखतात." ज्या माणसाने आयुष्यभर शिफ्ट करून हे घर उभं केलं, त्याने त्याच घरात टीव्ही लावायला बिचकावं, हे मला अजूनही सहन होत नाही.

म्हणून मी हा विषय मुळापासून वाचून काढला. ओएलईडीत मागे दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा बारीक ठिपका, स्वतः उजेड देतो. तो उजेड देणारा सेंद्रिय थर वापराने हळूहळू मंद होतो, त्यातही निळा सगळ्यात लवकर. दारातल्या पायरीवर जिथे रोज पाय पडतो तिथेच ती झिजते, तसंच हे. जिथे लाल-पांढरी पट्टी तासन्‌तास तळपत राहते तिथले पिक्सेल बाकीच्यांच्या आधी दमतात. म्हणजे पडद्यावर काही चिकटलेलं नसतं, त्या जागेची झीज झालेली असते. झीज पुसून निघत नाही, म्हणून ही पट्टीही जात नाही. यालाच बर्न-इन म्हणतात. यूट्यूबवर रंग भराभर बदलणारे 'बर्न-इन घालवा' छाप व्हिडिओ असतात, ते रात्रभर लावून ठेवू नका, त्याने उरलेला पडदाही झिजतो.

आता बटणाचं. हे पिक्सेल असमान झिजतात हे कंपन्यांना माहीत असतं, म्हणून टीव्ही स्वतःच त्यांची मोजणी करून दुरुस्ती करतो. एलजीच्या ओएलईडीत एकूण ४ तासांच्या आसपास वापर झाला की, रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये (पडदा बंद, पण बोर्डावरची वीज चालू) काही मिनिटं हे काम चालतं. बोर्डावरून बटण बंद केलं की टीव्हीला ती संधीच मिळत नाही. आमच्याकडे रोज रात्री हेच होत होतं. आणि वाचवलं काय? क्विक स्टार्टसारखी, टीव्ही पटकन चालू करणारी सोय बंद असेल तर आजचा टीव्ही स्टँडबायमध्ये अर्ध्या वॅटच्या आसपास वीज घेतो. महिनाभराचा हिशेब केला तर अर्धा युनिटही होत नाही.

दुसरी गोष्ट ब्राइटनेसची. कॅनडातल्या आरटिंग्ज या साइटने २०१८ मध्ये एलजीचे सी७ मॉडेलचे ६ ओएलईडी रोज २० तास चालवून बघितले. त्यातल्या दोन सेटवर सीएनएन हे बातम्यांचं चॅनेलच होतं, एकावर कमी ब्राइटनेस ठेवून आणि एकावर पूर्ण. पूर्ण ब्राइटनेसवाल्याची अवस्था जास्त वाईट झाली. चॅनेल तेच, बघण्याचे तास तेच, फरक फक्त सेटिंगचा. मग दोष कोणाचा? दिवसभर बातम्या बघणाऱ्या माणसाच्या हॉलमध्ये ओएलईडी लावायचा, तो विविडवर ठेवायचा, रोज त्याची दुरुस्ती बंद पाडायची, आणि वर त्या माणसालाच बोलायचं, हा न्याय नव्हे. टीव्ही बघण्यासाठी असतो. अण्णांनी तो बघितला.

तरी तुमचा डाग पक्का आहे का ते आधी तपासा. कधी कधी नुसती तात्पुरती सावली राहते. रिमोटने बंद करून रात्रभर बोर्ड चालू ठेवा, सकाळी पूर्ण राखाडी, लाल आणि पिवळा पडदा लावून बघा. मेन्यूतलं पिक्सेल क्लीनिंग एकदा करा, पण रोज रोज नको. तरीही दिसलं तर पॅनेल बदलणे हाच उपाय, आणि आम्हाला सांगितलेला खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास होता. वॉरंटीत बर्न-इन बसत नाही म्हणून कंपनीने हात वर केले. तुमचं वॉरंटी कार्ड नीट वाचा, त्यात तसं लिहिलेलं नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका.

नवा घेताना: बातम्या बघणाऱ्या घरात एलसीडीच घ्या. दुकानात ज्याला 'एलईडी' म्हणतात तो एलसीडीच असतो, आणि 'क्यूएलईडी' हाही एलसीडीच. एमजी रोडला एका दुकानात मला "ओएलईडी, क्यूएलईडी एकच हो मॅडम" असं ऐकवलं गेलं. एक नाही. एलसीडीत उजेड मागच्या दिव्यांचा असतो, त्यामुळे पट्टीची अशी झीज होत नाही. बजेट असेल तर मिनी एलईडी बघा, त्यात मागचे दिवे बारीक आणि भरपूर असतात आणि पडद्याचा एकेक भाग वेगळा मंद करता येतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांभोवती थोडा उजेड पसरतो, बातम्यांना त्याने काही बिघडत नाही. बजेट कमी असेल तरी फक्त कडेने दिवे असलेला टाळा, त्यात पुढे उजेड विषम होतो. कोणी दिवाणावर पडून तिरकं बघणार असेल तर आयपीएस पॅनेल विचारा, समोर बसून अंधारात बघणार असाल तर व्हीए; हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या किमतीवर 'खास सूट' सांगणाऱ्याला तेवढं विचारा.

आम्ही हॉलमध्ये मिनी एलईडी लावला. मी अण्णांना बरोबर नेलं होतं आणि दुकानात त्यांचंच चॅनेल लावायला सांगितलं. रिमोट आता त्यांच्याजवळ असतो. भाऊजींशी या विषयावर फोनवर माझं बोलणं झालं, ते म्हणतात बटणाने एवढं होत नाही. एकट्या बटणाने झालं असं मीही म्हणत नाही. पण अण्णांनी जाळला, हे शब्द त्यांनी मागे घ्यावेत, एवढं मी अजूनही म्हणते.

तीन गोष्टी राहिल्या. मे महिन्यात वळवाचा कडकडाट सुरू झाला तर मात्र कुठलाही टीव्ही असो, सरळ प्लग काढा. आणि ओएलईडी वाईट नाही, रात्री सिनेमे आणि मालिका आलटून पालटून बघणाऱ्याला मी आजही तोच सांगेन. तुमचा जुना सेट एक्स्चेंजमध्ये देऊ नका, डाग बघून कवडीमोल भाव करतात. आमचा बेडरूममध्ये लावलाय, ब्राइटनेस निम्म्यावर. अंधाऱ्या दृश्यांत पट्टा दिसत नाही, क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर थोडा दिसतो.