रत्नागिरीचा थिबा राजवाडा एका दिवसाच्या भेटीत पाहावा का?

अवश्य पाहावा, मात्र ‘राजवाडा’ या शब्दावरून सिंहासने आणि झुंबरे डोळ्यांसमोर आणू नयेत. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासह रत्नागिरीत आणून नजरकैदेत ठेवले. हे घर तयार होईपर्यंत १९१० साल उजाडले आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला, म्हणजे सुमारे चोवीस वर्षे इतर बंगल्यांत काढल्यावर त्याला येथे जेमतेम सहा वर्षे मिळाली. आता वास्तूत राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे, पण माझ्या मते येथील सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे खुद्द ही इमारत होय. उतरत्या छपरांची ही बांधणी ब्रह्मी वळणाची असली, तरी दगड मात्र कोकणातला लालसर जांभाच आहे; लाकडी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांच्या रंगीत काचांखाली क्षणभर थांबावे. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते. राजाची समाधीही रत्नागिरीतच आहे. राणी सुपयालत मात्र १९१९ मध्ये रंगूनला परतली.